निवाडा कशाला म्हणावं

नळदुर्ग

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

कायद्याच्या पुस्तकात पानोपानी येणाऱ्या ‘अ‍ॅडज्युडिकेट’ या क्रियापदाबद्दल तू विचारलंस. ‘जज’ हा सोपा शब्द असताना हा अवघड कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सिनेमा पाहून तू मत देतेस, पारावरची मंडळी गावातल्या कुणालाही नावं ठेवतात. इंग्रजीत त्याला ‘जज’ चालतं, ‘अ‍ॅडज्युडिकेट’ चालत नाही. त्याला आधी तंटा लागतो, समोरासमोर पक्ष लागतात आणि अधिकार असलेला तिऱ्हाईत लागतो. त्यानं सगळ्यांचं ऐकायचं, पुरावा तपासायचा, कारणं देऊन निर्णय करायचा, आणि तो पक्षांना मानावा लागतो.

आपल्या बोरी नदीचंच बघ. इब्राहिम आदिलशाहानं 1613 मध्ये किल्ल्यात बांधलेल्या पाणीमहालावरून पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात. ते पाणी पुढं अक्कलकोट तालुक्यातून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जातं. कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रनं कसं वाटून घ्यायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 262 नुसार अशा तंट्यांसाठी 1956 चा कायदा झालेला होता. आधी वाटाघाटी करायच्या, त्या फिसकटल्या तर न्यायाधिकरण नेमायचं, असा त्याचा क्रम. एप्रिल 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली ते नेमलं गेलं.

वाटण्याआधी मुळात पाणी किती, हे ठरवावं लागलं. शंभरातली 75 वर्षं तरी मिळेल एवढं पाणी धरून 2,060 टीएमसी हा आकडा आला. डिसेंबर 1973 च्या निर्णयात त्यातलं 560 महाराष्ट्राला, 700 कर्नाटकाला आणि 800 आंध्रला मिळालं. राज्यांनी खुलासे मागितले, म्हणून 1976 मध्ये पुढचा अहवाल आला. मला या साऱ्यात सगळ्यात मोलाची वाटतात ती कारणं. ज्याचं म्हणणं फेटाळलं गेलं, त्यालाही ते कुठं टिकलं नाही हे वाचता येतं.

वर्तमानपत्रं अशा न्यायाधिकरणाला ‘लवाद’ म्हणतात. बोलण्यात चालेल, उत्तरपत्रिकेत जपून वापर. लवाद सहसा पक्षकार आपसातल्या करारानं नेमतात. हे न्यायाधिकरण केंद्र सरकारनं कायद्याखाली नेमलं होतं. वापराचं आणखी एक सांगतो. दावा, तंटा, हक्क यांच्यासाठी ‘अ‍ॅडज्युडिकेट’ ठेव. एखाद्या माणसाला नादार ठरवलं, असं लिहायचं असेल तर सहसा ‘अ‍ॅडजज’ वापरतात.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. काही उपखोऱ्यांवरच्या मर्यादा सोडल्या, तर राज्याच्या वाट्यातलं पाणी कुठल्या भागाला किती द्यायचं, हे राज्य सरकार ठरवतं. कृष्णा-मराठवाडा योजनेचा 23.66 टीएमसीचा आकडा तू लहानपणापासून ऐकत आलीस, तो असाच सरकारी निर्णयातला आहे. तिन्ही राज्यांसारखी आपली बाजू कुणी न्यायासनावर बसून ऐकलेली नाही, आणि म्हणूनच त्या पाण्यासाठी मराठवाड्याला दर सरकारकडं नव्यानं पदर पसरावा लागतो. मला हे अन्यायाचं वाटतं. उद्या वकील होशील तेव्हा ‘हक्काचं पाणी’ म्हणण्याआधी तो हक्क कोणत्या कागदावर आहे, हे तुला दाखवता आलं पाहिजे.

निर्णय झाला म्हणजे तो लागू झाला, असंही धरू नकोस. न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या दुसऱ्या न्यायाधिकरणानं 2010 मध्ये निर्णय दिला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो राजपत्रात प्रसिद्ध करायला मनाई केली.

सुट्टीत यायच्या आधी 1956 च्या कायद्याची कलमं 4 ते 6 मूळ इंग्रजीतून वाच. पाचव्या कलमाच्या मथळ्यातच तुझा शब्द आहे.

तुझे आजोबा