पहिला घोट कोणाचा

हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाहून पूर्वेकडे निघालं की आमगाव आणि सालेकसा मागे टाकून गाडी दरेकसाला येते. पुढचं स्टेशन बोरतलाव, आणि ते छत्तीसगडात आहे. या दोन स्टेशनांच्या मधे डोंगर आहे, बोगदा आहे, साग आणि मोहाचं जंगल आहे. इथेच कायदाही बदलतो. बोरतलावच्या बाजूच्या गोंड कुटुंबाने घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत मोहाची दारू गाळली तर छत्तीसगडचा आबकारी कायदा त्याला सूट देतो. उत्तरेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातही अशी सूट आहे. दरेकसाच्या बाजूला मात्र तीच चूल, तेच मडकं आणि तीच फुलं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्ह्याचा मुद्देमाल होतात. सीमेच्या दोन्ही अंगांना देव तेच आहेत आणि सोयरिकीही एकमेकांतच होतात.

यातून उभा राहणारा प्रश्न आबकारी खात्यापुरता नाही, तो धर्माचाही आहे. जो एका समाजाचा नैवेद्य आहे तो दुसऱ्याच्या लेखी महापाप असेल, तर पाप नेमकं कुठे असतं? द्रव्यात, पिणाऱ्यात, की पिण्याच्या रीतीत?

हा प्रश्न विचारायला दरेकसाइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. धनेगावजवळची कचारगडची गुहा गोंडांच्या कोया पुनेम या धर्माचं आद्यस्थान मानली जाते. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगोच्या प्रेरणेने संगीतकार हिरासुका पाटारीने गुहेच्या तोंडावरची शिळा हलवली, मुलं सुटली आणि तो स्वतः शिळेखाली गेला, असं तिथली परंपरा सांगते. जंगो रायताडने सांभाळलेल्या या मुलांना लिंगोने पुढे सगांमध्ये, म्हणजे देवसंख्येवर आधारलेल्या कुळसमूहांत, बांधलं. नागपूरचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली यांनी ही परंपरा ग्रंथरूपात मांडली. दर माघ पौर्णिमेच्या सुमाराला इथे यात्रा भरते आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा इथून लाखो गोंड दरेकसाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरतात.

या धर्मात मोहाच्या झाडाला मोठं स्थान आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुलं टपटप गळतात. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुलं अंगणात वाळतात, वर्षभर पुरतात, दुष्काळात पोटाला आधार देतात आणि बियांपासून तेल निघतं. वाळलेल्या फुलाच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. त्यामुळे पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की फुलं आपोआप आंबतात. या आंबवणाला पोलिसांच्या पंचनाम्यात ‘सडवा’ म्हणतात. सडवा चुलीवर चढवायचा, वाफ वरच्या गार पाण्याच्या भांड्याला लावून थंड करायची आणि धार खाली झेलायची. जन्म, लग्न, मरण, नवं पीक, पेनपूजा (देवपूजा), प्रत्येक ठिकाणी या धारेचे थेंब आधी जमिनीवर पडतात. पूर्वजांचा घोट झाल्याशिवाय जिवंत माणसाने ओठाला लावायचं नाही, ही रीत आहे.

गोंडांची ही रीत भारतीय धर्मविचाराच्या बाहेरची आहे असं मानणाऱ्याने वैदिक यज्ञांकडे पाहावं. सौत्रामणी यागात सुरेची आहुती होती. तिच्यासाठी मोड आलेली साळ, मोड आलेला जव, लाह्या आणि किण्व एकत्र करून यज्ञस्थळीच आंबवण केलं जाई. बार्लीला मोड आणून तिचा माल्ट करणारा आजचा बीअरवाला याच कुळातला आहे. आहुतीनंतर उरलेल्या सुरेचं काय करायचं, याची अडचण मात्र ब्राह्मणग्रंथांनाही पडलेली दिसते. ती पिण्यासाठी मोबदला देऊन ब्राह्मण आणावा, तसा न मिळाला तर उरलेलं वारुळावर ओतावं, असा मार्ग तैत्तिरीय परंपरेने काढला. पुढे मनुस्मृतीने गुळाची, पिठाची आणि मधाची अशा तीन सुरा सांगून द्विजाला तिन्ही वर्ज्य केल्या आणि सुरापान महापातकांत घातलं. एकाच परंपरेने आधी तेच पेय देवाला दिलं आणि नंतर द्विजाला ते महापातक ठरवलं. पाप द्रव्यातच असतं, हे म्हणणं इथेच लंगडं पडतं.

बुद्धाचं उत्तर अधिक खोल आहे. पाचव्या शीलात मद्य टाळायला सांगितलं ते त्याने माणूस बेसावध होतो म्हणून. विटाळाचा तिथे प्रश्नच नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत ती निष्ठेने पाळणारी हजारो घरं आहेत. माळकरी वारकऱ्याच्या घरात दारू येत नाही. तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा याच विदर्भात गावोगाव दारूविरुद्ध बोलत फिरले. या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उपाशी लेकरं, मार खाणारी बाई आणि सावकाराकडे गेलेलं शेत होतं. त्यांचं म्हणणं जुनाट ठरवून बाजूला सारण्याचा हक्क कोणालाच नाही.

तरीही गोंडांची बाजू वेगळी उभी राहते, आणि ती देशाच्या सर्वोच्च सभागृहात मांडली गेली आहे. 24 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली. आज ते अनुच्छेद 47 मध्ये आहे. छोटा नागपूरचे मुंडा नेते जयपाल सिंह तेव्हा उभे राहिले. तांदळाची बीअर आदिवासींच्या धार्मिक विधींचा भाग आहे आणि तिच्यावर बंदी म्हणजे त्यांच्या धर्मावर घाला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच दिवशी कोल्हापूरचे प्रा. बाळासाहेब खर्डेकरही विरोधात बोलले. त्यांचा आधार व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा होता. व्यक्तीने आपलं सुख आपण निवडावं, असं खर्डेकरांचं म्हणणं, तर हे सुख व्यक्तीचं नाही, कुळाचं आणि देवाचं आहे, असं जयपाल सिंहांचं. सभेने दोघांचंही ऐकलं नाही. पण या दोन युक्तिवादांमधलं अंतर महाराष्ट्राच्या आजच्या बीअरच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने (आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने) मद्यपानाला परवान्याची अट घातली आणि राज्यपुनर्रचनेनंतर तोच कायदा विदर्भातही आला. परमिट रूम हे महाराष्ट्राचं खास अपत्य आहे आणि आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळणारा पिण्याचा परवाना आजही कायद्यात आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पिढीला त्या काळातल्या स्वस्त बीअरची नावं तोंडपाठ आहेत: लंडन पिल्सनर, गोल्डन ईगल, कल्याणी ब्लॅक लेबल, नंतर हेवर्ड्स 5000. आठवणी निघाल्या की चवीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बोलणं निघतं ते पहिल्या पगाराचं, चौघांत फिरलेल्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीचं, खारे शेंगदाणे आणि उकडलेल्या अंड्यांचं, उधारी लिहून घेणाऱ्या मालकाचं. बाटली मोठी असायची ती वाटून घ्यायलाच, असं त्या पिढीला वाटतं. या ओढीत गंभीरपणे घ्यावं असं काहीतरी आहे. त्या चौघांना हवी होती ती एकमेकांची सोबत, आणि सोबत ही धर्माचीही मूळ गरज आहे.

2009 मध्ये पुण्यात सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलॅली’ सुरू केली. महाराष्ट्रातली ती पहिली मायक्रोब्रूअरी. नंतर ‘इंडिपेंडन्स’, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’, मुंबईत ‘गेटवे’ अशी नावं आली. गव्हाची हेफेवाइझेन, कडसर आयपीए, भाजक्या माल्टची काळी स्टाउट पिणारा नवा रसिक तयार झाला. कोणतं यीस्ट, कुठला माल्ट, हॉप्स उकळताना कधी टाकले, हे तो विचारतो आणि हळूहळू पितो. काही जण त्याही पुढे जाऊन घरच्या स्वयंपाकघरात बीअर करायला धडपडतात. दळलेला माल्ट साधारण 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून साखर उतरवायची, गाळून हॉप्सबरोबर उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं, मग दोन आठवडे नागपुरी उन्हाळ्यापासून ते पातेलं वाचवायचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हेही बेकायदाच आहे. तरी या छंदामागचा आनंद खरा आहे. धान्य हाताखाली बदलताना पाहणं, वाट पाहणं, बिघडलं तर कारण शोधणं आणि झालेलं मित्रांना देणं यात सुगरणीचा आनंद आहे.

हा आनंद विचारवंतांनी हलका मानू नये. बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट मठांनी तो साधनेत बसवला आहे. त्यांच्या बीअरला ट्रॅपिस्ट म्हणवून घ्यायचं तर ती मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि उत्पन्न मठाच्या गरजा व दानधर्मासाठीच जावं लागतं. मौन आणि प्रार्थनेत दिवस घालवणारे हे लोक बीअर करतात, कारण त्यांच्या पंथात हाताचं काम हीच उपासना आहे. गोंड घरातली भट्टीही अशीच उपासनेच्या आत बसलेली आहे. तिचा मोसम, तिचं निमित्त आणि तिच्यातला पूर्वजांचा वाटा, सगळं आधीपासून ठरलेलं असतं.

घोटापूर्वी तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे हे पिणाऱ्याला माहीत असेल, तर पिण्याला मर्यादा येते. द्रव्य पवित्र की पापी, हा वाद इथे संपतो. देवाचा, पितरांचा, मित्राचा, करणाऱ्याचा वाटा मान्य करणारं पिणं आणि फक्त चढण्यासाठीचं पिणं ही दोन वेगळी कृत्यं आहेत. पुण्यातला चोखंदळ रसिक ग्लास उंचावून ब्रूअरचं नाव विचारतो तेव्हा तो नकळत याच जुन्या रीतीच्या जवळ येतो.

ही रीत मोडली ती आबकारीने. मुंबई इलाख्यात 1878 च्या आबकारी कायद्यापासून महसुलासाठी घरच्या भट्ट्या बंद होत गेल्या. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला. फूल घरात ठेवणं हाच संशय ठरला. घरची दारू गेली आणि ठेकेदाराची आली. तिला मोसम नव्हता, तिच्यात पूर्वजांचा वाटा नव्हता, उधारी मात्र भरपूर होती. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून जव्हार, सुरगाणा, धरमपूर ओलांडत देवीचं आंदोलन पसरलं. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीने आदिवासींना दारू-ताडी सोडायची आज्ञा दिली. ठेकेदाराच्या जाचातून सुटण्याचा तो धर्माने दाखवलेला रस्ता होता. आजच्या छत्तीसगडातल्या सरगुजाच्या राजमोहिनी देवींनीही 1951 पासून आपल्या लोकांत दारूविरुद्ध मोठी चळवळ उभी केली. म्हणजे आदिवासी धर्म दारूच्या बाजूने आणि सुधारक विरुद्ध, अशी सोपी विभागणी करता येत नाही.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दोन्ही जिल्ह्यांत ती बायकांच्या रेट्याने आली होती. आजच्या हातभट्टीत नवसागर आणि युरिया पडतो हे गावातल्या पोराबाळांनाही माहीत आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलने शंभराहून अधिक माणसं मारली. त्या विषाचा मोहाच्या फुलाशी संबंध नव्हता, पण नवऱ्याच्या हातात काय आलंय हे कळायला बाईकडे कोणतं साधन असतं? मोहाच्या परंपरेचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखकाने या बाईला उत्तर दिलं पाहिजे. तिचा नकार डावलून कोणतीही परंपरा पवित्र राहत नाही.

सरकारचं पाऊल मात्र दुसऱ्याच दिशेने पडतं आहे. 2021 मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यावरचे निर्बंध उठवले, ते योग्यच झालं. 2022 मध्ये मोहफुलं आणि काजूबोंडांपासूनच्या मद्याला ‘देशी’तून काढून ‘विदेशी मद्य’ या वर्गात घालायचं ठरलं. डहाणूच्या एका डिस्टिलरीचं मोहाचं मद्य आता उंची बाटलीत मिळतं. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसा मान मोहालाही मिळावा. पण शहरातल्या ग्राहकाला मिळालेली ही मोकळीक दरेकसाच्या पेनपूजेपर्यंत पोचलेली नाही. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे कचारगडच्या पायथ्याच्या ग्रामसभेला तो अधिकारही नाही.

यावर उपाय आहे आणि तो महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातच सापडतो. धार्मिक विधीसाठी मद्य बाळगण्याची आणि वापरण्याची परवानगी देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. ख्रिस्ती उपासनेतल्या वाइनला ज्या विचाराने जागा मिळते, त्याच विचाराने गोंडांच्या तर्पणाला मिळायला हवी. राज्य सरकारने सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या आदिवासी कुटुंबांना विधीपुरती, मोजकी मोहाची दारू गाळण्याची परवानगी द्यावी. विक्रीवरची बंदी कायम ठेवावी. आणि एखाद्या गावातल्या बहुसंख्य बायकांनी नको म्हटलं, तर त्या गावात ही परवानगी लागू करू नये.