नोंदीत किती लिहावं?

जुलैची रिपरिप. पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या पानांवर काळपट ठिपके पडलेत. काहींचा मधला भाग गळून भोकं झालीत. बागाईतदार काका आणि वनस्पती रोगशास्त्र शिकणारी पुतणी बोलत आहेत.

काका : पानं नेलीस, बुरशी वाढवलीस, डीएनएही तपासलास. मग नाव का सांगत नाहीस?

पुतणी : जीनबँकेत, म्हणजे डीएनएच्या नोंदींच्या सार्वजनिक साठ्यात, जुळवून पाहिलं, काका. ‘कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइड्स’शी 99 टक्के जुळतंय. पण डीएनएच्या ज्या तुकड्यावरून जुळवलं, त्यावरून या गटातल्या जवळच्या प्रजाती वेगळ्या ओळखता येत नाहीत. 2012 मध्ये संशोधकांनी या गटात 22 प्रजाती मांडल्या.

काका : मी तर उघडीप मिळाली की बोर्डोचा फवारा मारणार.

पुतणी : माराच. शेंडे करपत असताना नावाची वाट बघून चालत नाही. माझा पेच वेगळा आहे. सार्वजनिक नोंदीत पूर्ण नाव लिहू, की नुसतं ‘कोलेटोट्रायकम’?

काका : पूर्ण लिही. अर्धवट नोंदीला विचारतं कोण? आणि सगळेच असे थांबले, तर नाशिकच्या द्राक्षाची नोंदच होणार नाही. परमुलखातल्या बुरशीवरून आमचे रोग ओळखत बसाल.

पुतणी : ते खरंच आहे, म्हणून तर मन डळमळतं. पण तुमचा अंदाज चुकला, तर नुकसान या बागेपुरतं, या हंगामापुरतं. माझा चुकला, तर उद्या दुसरी मुलगी तिची बुरशी माझ्या नोंदीशी जुळवून तेच नाव लिहील. तिसरा आम्हा दोघींवर विसंबेल. एकाच चुकीला तीन साक्षीदार उभे राहतील. अशा साठ्यांतल्या बुरशींच्या सुमारे 20 टक्के नोंदींची नावं चुकीची असू शकतात, असं 2006 च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

काका : मग काय, गप्प बसायचं?

पुतणी : नाही. पाहिलं ते सगळं लिहायचं : कोणत्या पिकाचं पान, कुठलं, कोणत्या तारखेचं, डीएनएचा क्रम काय. नाव मात्र पुराव्याला पेलेल तेवढंच. आणि जिवंत बुरशी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करायची. म्हणजे पुढे कुणालाही ती मागवून आणखी जनुकं तपासता येतील, माझं म्हणणं खोडताही येईल.

काका : आणि उद्या ही बुरशी औषधाला दाद देईनाशी झाली तर? ही नोंद माझ्या काय कामाची?

पुतणी : औषध लागू पडेल की नाही, हे नुसत्या नावावरून कळत नाही. त्यालाही जिवंत नमुनाच लागतो. आजचा जपला, तर पुढच्याची त्याच्याशी तुलना होईल.

काका : मग एका बागेवर भागवू नकोस. शेजारच्यांशी मी बोलतो. आणि माझी फवारणीची वहीही घेऊन जा. औषध मी अंदाजानं मारत असेन, पण कोणतं, किती आणि कधी मारलं, ते अंदाजानं लिहिलेलं नाही.