आजीचा महिना

३ जानेवारीला सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक कार्ड आलं. जानेवारीत जन्मलेल्या कर्तृत्ववान लेकी. ३ तारखेला सावित्रीबाई फुले, ९ ला फातिमा शेख, १२ ला जिजाऊ. खाली बारीक अक्षरात, या महिन्यात जन्मलेल्या मुली निर्भीड असतात. माझी धाकटी बहीण जानेवारीची. तिने दोन मिनिटांत स्टेटस ठेवलं.

आजी ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला कार्ड वाचून दाखवलं तर म्हणाली, "माह्या महिन्यातल्या कोनत्या हायेत?"

आजीच्या आधार कार्डावर १ जुलै आहे. तुमच्याही घरात अशी एखादी आजी असेल. पुण्या-साताऱ्याकडे १ जून, आमच्या विदर्भात बऱ्याचदा १ जुलै. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर सोयीची टाकायचे. नंतर रेशन कार्ड, बँक, आधार सगळीकडे तीच गेली. खरा दिवस विचारला तर आजी म्हणते, "मले का मालूम बाप्पा! माय सांगे, कापूस येचाचे दिवस होते. सांजच्याला वावरातून आली अन् रातच्याला मी झाली."

कापूस वेचणी म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून जानेवारीपर्यंत. म्हणजे आजी जानेवारीची असू शकते. मी उत्साहात एक कार्ड केलं. तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, जन्म ५ जानेवारी. पाच का, तर ३ आणि ९ च्या मधली जागा रिकामी होती! पाठवायला बोट नेलं आणि थांबले. मास्तरांनी सोयीसाठी तारीख ठोकून दिली, मी प्रेमापोटी. आजीच्या दृष्टीने फरक काय पडला?

हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. त्याच कार्डावरचं दुसरं नाव बघा. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला माहेरहून, नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. एका शिक्षिकेने दुसरीबद्दल बाळगलेला एवढा विश्वास मला कुठल्याही तारखेपेक्षा मोठा वाटतो. पण ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख? तिला त्या काळच्या कागदाचा आधार दाखवता येत नाही. तरी ती पसरली. २०२२ मध्ये त्याच दिवशी गूगलने डूडलही केलं. मग जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख ही व्यक्ती आपणच रचली. झालं! ज्यांना ती नकोच होती त्यांना आयतं कोलीत मिळालं. पत्र बाजूला राहिलं आणि भांडण तारखेवर आलं.

म्हणजे आपण लाडाने दिलेली तारीख उद्या त्याच बाईच्या विरोधात साक्ष देऊ शकते.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला सहज झटकता येत नाही. आपल्याकडे आठवण तारखेवर चालते. तारीख नसेल तर जयंती नाही, हार नाही, शाळेत भाषण नाही. ज्यांच्या घरी पत्रिका काढली जायची त्यांना तारखा आहेत, वावरात राबणाऱ्या आईच्या पोरीला नाही. 'पुरावा आणा, मग मान देऊ' असं म्हटलं की जिला एकदा नोंदीतून वगळलं तिला पुन्हा वगळलं.

इथे मला जिजाऊंची तारीख उपयोगी पडली. परंपरेने त्यांचा जन्म पौष पौर्णिमेचा, १२ जानेवारी १५९८. पण ही बारा तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज आपण वापरतो त्या कॅलेंडरात तोच दिवस २२ जानेवारीला येतो. म्हणून सिंदखेडराजाला १२ ला जमणारी माणसं चूक करतात का? अजिबात नाही. आपण एका दिवशी एकत्र यायचं ठरवलंय, एवढंच ती तारीख सांगते. दिवस ठरवून साजरा करणं वेगळं आणि 'ती याच दिवशी जन्मली' असं छातीठोक सांगणं वेगळं. फातिमा शेखसाठीही ९ जानेवारी खुशाल पाळावी, फक्त तो आपण ठरवलेला दिवस आहे असं म्हणावं. (आणि जन्ममहिन्याने कोणी निर्भीड होत असतं तर माझ्या बहिणीने पालीला घाबरून घर डोक्यावर घेतलं नसतं.)

राहता राहिला आजीचा कागदावरचा जुलै. त्याचीही यादी निघते. २० जुलै १९४२ ला इथेच, नागपुरात, अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क द्या, एकाहून जास्त बायका करण्यावर बंदी आणा, गिरणीत राबणाऱ्या बायकांना रजा द्या, असे ठराव त्यांनी केले. त्या मंडपातल्या कितीजणींना स्वतःची जन्मतारीख सांगता आली असती? पण घटस्फोटाचा हक्क कोणत्या दिवशी मागितला, ते त्या सांगू शकत होत्या. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्यासमोर बसून त्यांनी त्या हकिकती लिहून घेतल्या. कार्ड फॉरवर्ड करण्यापेक्षा हे काम कितीतरी जास्त वेळ खाणारं.

मी कार्डावरची ५ जानेवारी पुसली आणि लिहिलं, 'जन्म: कापूस वेचणीच्या दिवसात, रात्री.' मग आजीला विचारलं, वाढदिवस करायचा तर कधी करू?

तिने शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "येचनी दोन-तीन महिने चालते. तवा कोनत्याबी दिवशी तर्री-पोहे आन."