ताट भिडस्त नसतं

७५० मिलीलिटरच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघतात. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा. पण रात्री बार बंद होताना बाटली रिकामी आणि बिलांत पेग २३, असं झालं की उरलेले दोन कुठे गेले हे ज्याला शोधावं लागतं, तो हॉटेलातला एफ अँड बी मॅनेजर, म्हणजे खाण्यापिण्याचा कारभार सांभाळणारा माणूस. ओतणाऱ्याचा हात सैल आहे, ओळखीच्या गिऱ्हाइकावर मेहेरबानी झाली, की नुसतंच सांडलं? आधीच चोरी धरून आरडाओरडा करणाऱ्याकडे चांगला बारटेंडर टिकत नाही.

या कामाचं रीतसर शिक्षण आपल्याकडे नवं नाही. दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ची. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवायचा, आधी आलेला माल आधी वापरायचा, विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा खर्च साधारण एक तृतीयांशाच्या आत बसवायचा, हे सगळं तिथे पोरं शिकतात. आणि ते लागतंच. थर्मामीटर बाजूला ठेवून ‘चालतंय हो’ म्हणणाऱ्या मॅनेजरच्या हॉटेलात मी तरी मासे खाणार नाही.

पण या माणसाचं खरं कसब मला दिसतं ते भांडी घासायच्या जागी. टेबलाशी येऊन त्याने ‘जेवण कसं होतं?’ विचारलं की आपण ‘छान, छान’ म्हणून मोकळे होतो, दाल खारट असली तरी. ताट मात्र भिडस्त नसतं. एका टेबलावरून भाजी तशीच परत आली तर ती आवडीनिवडीची गोष्ट. चार टेबलांवरून आली तर स्वयंपाकघरात काहीतरी बिनसलंय. सगळ्यांचाच भात निम्मा उरत असेल तर वाढण्याचं माप चुकलंय आणि रोज तांदूळ कचऱ्यात चाललाय. उष्ट्याच्या बादलीत डोकावायची ज्याला किळस येते, त्याने या धंद्यात पडू नये.

बरं, दिसलं ते शेफला सांगायचं कसं? शेफ मानी असतो, शनिवारी रात्री नऊ वाजता तर जास्तच. ‘दाल बिघडलीय’ म्हटलं की भांडण ठरलेलं. ‘शेफ, पाच नंबरवरून दाल तशीच आलीय, जरा चाखता का?’ म्हटलं की तो स्वतःच चमचा उचलतो.

नाही म्हणणं त्याहून अवघड. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. मित्रांच्या घोळक्यात बसलेल्या, मिशा नीट फुटलेल्या मुलाला ओळखपत्र मागायचं. जीभ जड झालेल्या पाहुण्याला पुढचा पेग न देता पाणी द्यायचं, टॅक्सी बोलवायची, आणि हे सगळं शेजारच्या टेबलाला कळू न देता. वेटर हे करायला गेला तर शिव्या खातो. म्हणून मॅनेजरने स्वतः पुढे व्हायचं असतं. जो अशा वेळी ऑफिसात जाऊन बसतो, त्याची माणसं ते विसरत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी दाल खारट लागली, तर ‘छान’ म्हणून उठू नका आणि घरी जाऊन मोबाइलवर एक तारा देऊन सूडही उगवू नका. टेबलावर असतानाच मॅनेजरला बोलवा आणि सरळ सांगा. त्या वेळी दाल बदलून देणं त्याच्या हातात असतं. आणि हो, वेटरवर ओरडू नका. दाल त्याने केलेली नसते.