आधी मालकांचं मशीन बघा

उभे राहा तिघंही. लॅपटॉप मिटा, मग बोलू.

अकलोलीतल्या लॉजला खोल्यांचं रजिस्टर बनवून देतो, असा शब्द दिलात ना? काल शनिवार होता. कुंडांवर अंघोळीला आलेली माणसं पोराबाळांसकट काउंटरवर ताटकळली होती. तुमच्या प्रोग्रॅमवर डबल-क्लिक केलं की एकच चौकट यायची: 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' ही डीएलएल फाइल सापडत नाही. शेवटी मालकांनी जुनी वहीच उघडली.

त्या मशीनवर विंडोज ७ आहे हे तुम्हाला काल कळलं! पायथॉन ३.९ आणि त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, हे २०२० पासून जाहीर आहे. तुम्ही मात्र सगळ्यात नवा पायथॉन उचललात. आणि तू आता काय म्हणतोस, इलेक्ट्रॉन घ्यायला हवं होतं? अरे, त्यानेही २०२३ मध्ये, २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ सोडलं. शिवाय ते आख्खा क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन फिरतं. काही खोल्यांच्या नोंदींसाठी एवढा बोजा त्या जुन्या मशीनवर टाकणार होतात?

याहून मोठी चूक पुढे आहे. मग तुम्ही स्वतःचा लॅपटॉप काउंटरवर मांडलात. दुपारी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, तर सकाळच्या सगळ्या नोंदी गायब! पायइन्स्टॉलरने एकच फाइल बनवलीत. ती फाइल दर वेळी टेम्पमधल्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि प्रोग्रॅम बंद होताना तो फोल्डर पुसून टाकते. तुमचा एसक्यूलाइटचा डेटाबेस त्याच फोल्डरात होता. घरी तुम्ही कायम सोर्स कोडवरून चालवलंत, तयार एक्झी एकदाही तपासली नाहीत. लोकांच्या पैशांचा हिशेब असा हाताळतात?

आणि पायक्यूटी वापरलंत, त्याचं लायसन्स वाचलं का? एक तर जीपीएल पाळून सोर्स द्यायचा, नाहीतर व्यापारी परवाना विकत घ्यायचा. सोर्स द्यायचा नसेल तर पायसाइड आहे, ते एलजीपीएलवर मिळतं. त्याच्याही अटी आहेत, त्याही वाचा. गिऱ्हाइकाच्या हाती प्रोग्रॅम देण्याआधी हे ठरलेलं असायला हवं.

आता कान देऊन ऐका. आजच काउंटरवर जा आणि लिहून आणा: विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४, रॅम किती, प्रिंटर कोणता, लॉगिनला अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत का. मालकांना स्पष्ट सांगा, की विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवलाय. मशीन बदलायचं की इंटरनेटपासून तोडून वापरायचं, हे ते ठरवतील. पैसे त्यांचे आहेत. जुनंच ठेवणार असतील तर सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स घ्या, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ तिथे चालतं. किंवा लाझारस घ्या, एक छोटी एक्झी तयार होते. डेटाबेस प्रोग्रॅमडेटामध्ये ठेवा, आणि इन्स्टॉलर चालवताना त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

पहिल्याच दिवशी नुसत्या रिकाम्या खिडकीचा इन्स्टॉलर इनो सेटअपमध्ये बनवा, त्याच मशीनवर चढवा, उघडा, काढून टाका, पुन्हा चढवा. हे जमल्याशिवाय पुढचा एकही फॉर्म लिहायचा नाही. तुमच्या हातात कसब आहे, म्हणूनच एवढं बोलतोय. चैत्र अमावस्येला वज्रेश्वरीच्या जत्रेची गर्दी अकलोलीत उतरेल. त्याआधी हे रजिस्टर मालकांच्या मशीनवर, तुमच्यापैकी कुणी शेजारी उभं नसताना, चाललं पाहिजे. निघा.