रक्ताचा रंग आणि दयेची हद्द
‘सगळ्यांचं रक्त लालच’ हे वाक्य जातिभेदाविरुद्ध खरं आहे, पण जीवमात्राच्या समतेचा पाया म्हणून ते अपुरं पडतं. शिरूरला घोडनदीच्या आणि दौंडला भीमेच्या काठी बिळं करून राहणारा खेकडा, माळावरचा विंचू, यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते हिमोसायनिन. त्यातले तांब्याचे दोन अणू प्राणवायूचा एक रेणू धरतात आणि रक्त निळं होतं. प्राणवायू सुटला की जवळपास रंगहीन. आपल्याकडे हेच काम लोह करतं. आणि शेतातल्या गांडुळाचं रक्त मात्र लाल! रंगावरून नातं ठरवायचं तर गांडूळ आपलं आणि खेकडा परका म्हणावा लागेल.

कुणी म्हणेल, सगळी रसायनंच असतील तर दयेला जागा कुठे? मला हा आक्षेप उलटा वाटतो. धातू वेगळे, पण गरज एकच, श्वासाची. आणि दयेला आधार हवा तो वेदनेचा. ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने खेकड्यांना संवेदनशील मानलं ते वैज्ञानिक पुराव्यांवरून, रक्ताच्या रंगावरून नव्हे. तुकोबांची पालखी ज्या दौंड तालुक्यातून जाते, तिथे भूतदयेची शिकवण जुनीच आहे. जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडताना ती लागू होते, असं मी मानतो. विंचवाला मात्र त्या कायद्यातही जागा नाही.