अश्रद्ध वाचकाचे कर्तव्य

ज्या मतावर आपली श्रद्धा नाही, त्याच मताच्या प्रतिपादनार्थ लिहिलेली कादंबरी मन लावून वाचणे हा आपल्या बुद्धीशी द्रोह होय काय? मारी कॉरेली या इंग्रज लेखिकेची ‘अ रोमान्स ऑफ टू वर्ल्ड्स’ ही १८८६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचताना हा प्रश्न आम्हांस टाळता आला नाही.

कथानायिका ही आजाराने खंगलेली, निराश झालेली एक वादक तरुणी. पॅरिस येथे हेलिओबास नामक गूढवेत्ता तिला विद्युच्छक्तीच्या बळावर बरी करतो. पुढे तिचा आत्मा देह सोडून अन्य लोकांची यात्रा करून येतो. जीव व ईश्वर यांचा संबंध लेखिका विजेच्याच आधारे सिद्ध करू पाहते. आज हे हास्यास्पद वाटेल. परंतु १८६६ पासून अटलांटिकच्या तळातून तारेने संदेश नियमितपणे जाऊ लागले होते. समुद्रापलीकडचा मनुष्य बोलतो, तर मृत्यूपलीकडचा का बोलू नये, ही आशा त्या काळी केवळ अडाण्यांची नव्हती; अशा प्रकारांच्या शोधार्थ १८८२ मध्ये लंडन येथे विद्वानांनी संस्थाच स्थापिली होती.

तथापि आशा म्हणजे प्रमाण नव्हे. १८४८ साली अमेरिकेत ज्या फॉक्स भगिनींच्या घरातील गूढ ठोक्यांपासून हे वेड पसरले, त्यांतील मार्गारेटने १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या भर सभेत ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढले जात, हे करून दाखविले. पुढे तिने ही कबुली मागे घेतली. पण दाखविलेली युक्ती काही मागे घेता येत नाही.

मग पुस्तक मिटून ठेवावे काय? कादंबरीच्या पुढील आवृत्तींना कृतज्ञ वाचकांची पत्रे जोडलेली आहेत. खरी अडचण येथेच आहे. या पत्रांवरून दुःखितांस धीर मिळाला एवढे सिद्ध होते; आत्मा परलोकी फिरून येतो, हे सिद्ध होत नाही. धीर मिळाला म्हणून सिद्धांत खरा मानू लागलो, तर पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या मातेला पैसे घेऊन तिच्या मुलाचा आवाज ऐकविणाऱ्या भोंदूसही दोष देता येणार नाही. उलट, सिद्धांत खोटा म्हणून त्या मातेची तळमळही खोटी ठरविणे हे निष्ठुरपणाचे होईल.

म्हणून अशी कादंबरी अवश्य वाचावी, आणि आपली शंका जागी ठेवून वाचावी, असे आमचे मत आहे. भोंदूगिरीपासून ज्यांना सोडवावयाचे, ते तिच्याकडे कशासाठी जातात हे ज्याने जाणून घेतले नाही, त्याचा युक्तिवाद कितीही बिनतोड असला तरी त्या दारी तो ऐकला जाणार नाही.